गॅसच्या विहिरीचं उत्पादन आणि रॉयल्टीचा चेक : हिशेब स्वतः कसा जुळवायचा

भारतात जमिनीखालच्या तेल-वायूवरची रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला मालकाचा हिस्सा, सरकारजमा होते. अंकलेश्वरच्या शेतकऱ्याला मोबदला मिळतो तो वरच्या जमिनीचा. अमेरिकेत मात्र जमिनीखालचा नैसर्गिक वायू खासगी मालकीचा असू शकतो. म्हणून पेनसिल्व्हेनियात, ओहायोत किंवा टेक्सासमध्ये काही एकर जमीन घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा व्यवहार सुरुवातीला अनोळखी वाटतो. लीजवर, म्हणजे कंपनीला वायू काढू देण्याच्या करारावर, सही होते, सहीच्या बोनसचा चेक येतो आणि मग कधीकधी दोन-तीन वर्षं काहीच घडत नाही. एक दिवस खोदाईची रिग उभी राहते. त्यानंतर सगळं घर टपालाकडे डोळे लावून बसतं.

तसं बसायची गरज नाही. कोणत्या विहिरीतून किती वायू निघाला, हे राज्य सरकार जाहीर करतं आणि ते कोणालाही फुकट पाहता येतं. तो आकडा, तुमचा हिस्सा आणि बाजारभाव हाताशी असले, तर चेक यायच्या आधीच रकमेचा अंदाज बांधता येतो आणि आल्यावर ओळ न् ओळ तपासता येते. खाली मुख्यतः पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सास ही दोन राज्यं घेतली आहेत, कारण दोन्हीकडे विहिरी भरपूर आहेत आणि नियम मात्र वेगवेगळे आहेत.

आधी मालकी बघा

जमीन तुमची म्हणजे खालचा वायूही तुमचाच, असं गृहीत धरू नका. खनिज हक्क वरच्या जमिनीपासून वेगळे करून विकता येतात, राखून ठेवता येतात, वारसांत वाटता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मालकाने जमीन विकताना निम्मे हक्क स्वतःकडे ठेवले असतील, तर आज तुमच्याकडे उरलेले निम्मेच आहेत. सातबाऱ्यासारखा एकच उतारा तिथे मिळत नाही. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जाऊन खरेदीखतांची साखळी मागे मागे वाचत जावी लागते. पेनसिल्व्हेनियात या कार्यालयाला रेकॉर्डर ऑफ डीड्स म्हणतात, टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क. बऱ्याच काउंट्यांची दप्तरं आता ऑनलाइन आहेत.

वाचताना ‘राखून ठेवले आहे’, ‘वगळले आहे’ अशा अर्थाच्या कलमांवर थांबा. पेनसिल्व्हेनियात एक जुना नियम कामाला येतो. खरेदीखतात नुसती ‘खनिजं’ राखून ठेवली असतील आणि तेल किंवा वायूचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तेल-वायू त्या राखीव हक्कात येत नाही, असं तिथलं न्यायालय १८८२ पासून मानत आलं आहे. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम पुन्हा उचलून धरला. लुइझियानात गणित निराळं आहे. तिथे वेगळे काढलेले खनिज हक्क १० वर्षं वापरले गेले नाहीत, तर ते जमीनमालकाकडे परत येतात.

साखळीत गोंधळ असेल तर तो तेल-वायूच्या मालकीची कामं करणाऱ्या स्थानिक वकिलाकडून सोडवून घ्या. घरखरेदीच्या वेळी घेतलेला टायटल विमा खनिज हक्कांना बहुधा लागू नसतो.

विहिरीचा एपीआय क्रमांक मिळवा

एका पॅडवर, म्हणजे खोदाईसाठी सपाट केलेल्या एका जागेवर, सहा-आठ विहिरी असतात आणि त्यांची नावं जवळपास सारखी असतात, फक्त शेवटी १एच, २एच, ३एच. नावावरून शोधलं की हमखास चुकीच्या विहिरीचे आकडे हाती येतात. एपीआय क्रमांक, म्हणजे विहिरीचा ओळख क्रमांक, मात्र प्रत्येक विहिरीचा स्वतंत्र असतो. पहिले २ आकडे राज्याचे (पेनसिल्व्हेनिया ३७, टेक्सास ४२, ओहायो ३४, वेस्ट व्हर्जिनिया ४७), पुढचे ३ काउंटीचे आणि नंतरचे ५ त्या विहिरीचे. पुढे आणखी ४ आकडे दिसले तर ते विहिरीतून वळवलेल्या फाट्यासाठी आणि नंतरच्या कामांसाठी असतात. हिशेबासाठी पहिले १० पुरतात.

क्रमांक मिळतो परवान्याच्या नोंदीत. पेनसिल्व्हेनियात पर्यावरण संरक्षण विभाग, म्हणजे डीईपी, ही माहिती ठेवतो. टेक्सासमध्ये ते काम रेलरोड कमिशन करतं. नाव रेल्वेचं असलं तरी तेल-वायूचं नियमन त्याच्याकडेच आहे. दोन्हीकडे नकाशे आहेत. तुमच्या जमिनीवर झूम केलं की विहिरीचं तोंड आणि टेक्सासच्या नकाशात खोल गेल्यावर आडव्या वळवलेल्या भागाची रेषाही दिसते.

रेषा तुमच्या कुंपणाखालून जाते की नाही, यावर मात्र सगळं ठरत नाही. खरा प्रश्न असतो तुमचे एकर त्या विहिरीच्या युनिटमध्ये आहेत का, हा. युनिट म्हणजे अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून आखलेलं क्षेत्र. विहीर तुमच्या जमिनीला शिवलीही नसेल, पण तुम्ही युनिटमध्ये असाल तर पैसे मिळतात. उलट विहीर अगदी शेजारून गेली आणि तुम्ही युनिटबाहेर असाल, तर काही मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात युनिटचा घोषणापत्र-दस्त काउंटीत नोंदवलेला असतो. टेक्सासमध्ये पी-१२ नावाच्या फॉर्मवर युनिटमधल्या तुकड्यांची यादी एकरांसह असते. हा कागद डाउनलोड करून ठेवाच. टेक्सासमध्ये काही विहिरी युनिट न करता, आडव्या भागाची किती लांबी कोणाच्या जमिनीखाली आहे त्या प्रमाणात वाटल्या जातात. अशा विहिरीत एकरांचं गणित चालत नाही, फुटांचं चालतं.

परवाना ते पहिली विक्री : किती वेळ लागतो

परवाना मिळाला म्हणजे विहीर होईलच असं नाही. कंपन्या परवाने काढून ठेवतात आणि मुदत संपू देतात. खोदाई सुरू झाल्याची तारीख, जिला स्पड म्हणतात, डीईपीच्या यादीत येते. खोदाई संपल्यावरही विहीर तशीच पडून राहू शकते, कारण फ्रॅकिंगचा, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडण्याचा, ताफा नंतर येतो आणि पॅडवरच्या सगळ्या विहिरी एकदम पूर्ण केल्या जातात. खोदाईपासून विक्रीपर्यंत सहा महिने ते वर्ष सहज जातं. गोळा करणारी पाइपलाइन तयार नसेल तर त्याहून जास्त.

मधल्या टप्प्याची खबर लागते ती फ्रॅकफोकस या राष्ट्रीय नोंदवहीत. तिथे एपीआय क्रमांक टाकला की फ्रॅकिंग कोणत्या तारखेला सुरू झालं आणि कधी संपलं ते दिसतं. ही नोंद काम झाल्यानंतर येते, पण पहिल्या चेकच्या बरीच आधी येते. ती दिसली की वहीत तारीख लिहा आणि कंपनीच्या मालक-संपर्क विभागाकडे तुमचा पत्ता आणि करक्रमांक कळवणारा डब्ल्यू-९ फॉर्म पोचलाय का ते विचारा. पहिला चेक अडकण्याची निम्मी कारणं इथेच मिटतात.

याच सुमारास घरी पत्रं यायला लागतात : ‘तुमचे खनिज हक्क रोखीने विकत घेतो.’ कधी पाकिटात चेकसारखा दिसणारा ड्राफ्टही असतो. पत्र पाठवणाऱ्यानेही परवान्याची तीच यादी पाहिलेली असते आणि विहीर सुरू व्हायच्या आत स्वस्तात खरेदी उरकायची असते. कागदाचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद शब्दशः वाचा. ‘मिनरल डीड’ किंवा ‘रॉयल्टी डीड’ असं लिहिलं असेल तर ती विक्री आहे, लीज किंवा डिव्हिजन ऑर्डर (तुमचा हिस्सा नोंदवणारा कंपनीचा कागद) नव्हे. सही झाली की हक्क गेले.

डिव्हिजन ऑर्डर आणि तुमचा दशांश

पहिल्या विक्रीच्या आसपास कंपनी डिव्हिजन ऑर्डर पाठवते. त्यात तुमचा हिस्सा आठ दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला असतो. पुढची सगळी वर्षं प्रत्येक चेक याच आकड्याने गुणून निघणार आहे, त्यामुळे सही करायच्या आधी तो स्वतः काढून बघा.

सूत्र सोपं आहे. युनिटमधले तुमचे एकर भागिले युनिटचे एकूण एकर, गुणिले त्या एकरांतला तुमचा खनिज हिस्सा, गुणिले लीजमधला रॉयल्टीचा दर. समजा ६४० एकरांचं युनिट आहे, त्यात तुमचे ४० एकर आहेत, हक्क पूर्ण तुमचे आहेत आणि लीजमध्ये रॉयल्टी १५ टक्के आहे.

४० ÷ ६४० = ०.०६२५
०.०६२५ × १ × ०.१५ = ०.००९३७५००

ऑर्डरवर ०.००७८१२५० दिसलं, तर कंपनीने तुमचा दर १२.५ टक्के धरला आहे. पेनसिल्व्हेनियात १९७९ च्या कायद्याने किमान दर एक अष्टमांश ठरवला आहे, आणि जुनी लीज नव्याने ठरवून दर वाढवलेला असेल तर नवा दस्त कंपनीच्या नोंदीत चढला नसण्याची शक्यता असते. ०.००४६८७५० दिसलं, तर त्यांच्या मते खनिज हक्क तुमच्याकडे निम्मेच आहेत. कोणता आकडा कशामुळे निघतो, हे असं उलटं काढता आलं की कंपनीशी बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं.

मोजणीनंतर ६४० चे ६३७.८२ एकर निघाले म्हणून चौथ्या-पाचव्या स्थळी फरक पडला, तर तो खरा फरक आहे, चूक नाही. युनिटचं क्षेत्र नंतर दुरुस्त झालं तर दशांश बदलतो आणि मागच्या महिन्यांची उजळणीही होते. तेव्हा चेकसोबतच्या पावतीवर उणे आकड्यांच्या ओळी येतात.

टेक्सासमध्ये कायद्याने ठरवलेल्या तरतुदींपुरती असलेली डिव्हिजन ऑर्डर सही करून मागणं आणि ती येईपर्यंत पैसे थांबवणं कंपनीला करता येतं. मात्र डिव्हिजन ऑर्डरने लीज बदलत नाही. त्यात खर्चकपातीला संमती किंवा लीजपेक्षा वेगळं काही घुसवलेलं असेल, तर तेवढं खोडून सही करा आणि प्रत ठेवा.

उत्पादनाचे आकडे कुठे आणि कधी दिसतात

पेनसिल्व्हेनियात शेल (घट्ट थरांच्या खडकातल्या) विहिरींचं उत्पादन कंपनीला दर महिन्याला कळवावं लागतं. महिना संपल्यावर ४५ दिवसांची मुदत असते. हा नियम २०१४ च्या कायद्याने आला. जानेवारीचा आकडा मार्चच्या मध्याला दिसतो. जुन्या पद्धतीच्या उथळ विहिरींचा अहवाल वर्षातून एकदा येतो, पुढच्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपर्यंत. डीईपीच्या अहवालात वायूचं प्रमाण एमसीएफमध्ये, म्हणजे हजार घनफुटांत असतं आणि शेजारी विहीर किती दिवस चालू होती तेही असतं. तो दिवसांचा रकाना फार मोलाचा आहे. महिन्याचं उत्पादन ३ लाखांवरून १ लाखावर आलं तर घाबरायला होतं, पण दिवस ३१ वरून ११ झालेले दिसले की कळतं, विहीर आटलेली नाही, बंद ठेवली होती.

टेक्सासमध्ये कंपनी पीआर फॉर्म भरते, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. रेलरोड कमिशनच्या उत्पादन-शोधात वायूची विहीर स्वतंत्र क्रमांकाने दिसते, पण तेलाच्या विहिरी लीजवार एकत्र मोजल्या जातात. तुमची विहीर कमिशनच्या दप्तरी तेलाची ठरली असेल, तर तिच्यातून निघणारा वायूही लीजच्या बेरजेत मिसळलेला असतो. ओहायोत आडव्या विहिरींचे आकडे दर तिमाहीला येतात.

नवीन महिन्यांचे आकडे पुढे दुरुस्त होतात. ताजा आकडा कच्चा समजा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

शेल विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त घटतं, हे आधीपासून मनाशी धरा. नंतर घट मंदावते आणि विहीर बरीच वर्षं थोडा थोडा वायू देत राहते. पहिल्या तीन चेकांवर कर्जाचे हप्ते बांधणं धोक्याचं आहे. हे कळकळीने सांगायचं कारण, त्या पहिल्या रकमा खरोखर मोठ्या असतात आणि त्या तशाच राहतील असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

अंदाज मांडा

वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक विहिरीसाठी वेगळं पान आणि प्रत्येक उत्पादन-महिन्यासाठी एक ओळ ठेवा. रकाने असे : उत्पादन-महिना, चालू दिवस, राज्याचा आकडा, पावतीवरचा आकडा, भाव, एकूण मूल्य, कपाती, कर, तुमचा दशांश, अपेक्षित रक्कम, आलेली रक्कम, चेकची तारीख. ओळ उत्पादन-महिन्याची हवी, चेकच्या महिन्याची नव्हे. एकाच चेकमध्ये दोन-तीन उत्पादन-महिने आणि जुन्या दुरुस्त्या असतात, त्यामुळे चेकच्या तारखेने लिहिलेला हिशेब कधीच जुळत नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. विहिरीने महिन्यात ३,००,००० एमसीएफ दिले आणि भाव एमसीएफला २ डॉलर धरला.

३,००,००० × ०.००९३७५ = २,८१२.५ एमसीएफ
२,८१२.५ × २ = ५,६२५ डॉलर

भाव कुठला घ्यायचा? बातम्यांत येतो तो लुइझियानातल्या हेन्री हब या वायू-विक्री केंद्राचा भाव. २०२२ मध्ये त्याची वर्षाची सरासरी दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एकक) साडेसहा डॉलरच्या जवळ होती, २०२४ मध्ये ती सव्वादोनच्याही खाली आली. विहीर तीच, दशांश तोच, आणि चेक एक तृतीयांश. तुमचा वायू मात्र हेन्री हबला विकला जात नाही. पेनसिल्व्हेनियाचा वायू ईशान्येकडच्या केंद्रांच्या भावाने जातो आणि तो भाव बहुतेक वेळा हेन्री हबपेक्षा कमी असतो, कारण तिथे वायू अमाप आणि बाहेर नेणाऱ्या पाइपलाइनी अपुऱ्या. पश्चिम टेक्सासमधल्या वाहा केंद्रात तर २०२४ मध्ये अनेक दिवस भाव शून्याखाली गेला होता. म्हणून दोन-तीन पावत्यांवरून तुमच्या कंपनीचा भाव हेन्री हबपेक्षा किती खाली असतो ते काढा आणि पुढच्या अंदाजात तेवढं वजा करा.

एक बारकावा. बाजारभाव उष्णतेवर असतो, पावतीवरचं प्रमाण घनफुटांवर. एका घनफुटात १,०३५ बीटीयू असलेला वायू दहा लाख बीटीयूला २ डॉलरने विकला, तर एमसीएफचा भाव २.०७ डॉलर होतो. ओला वायू, जसा पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मिळतो, यापेक्षा बराच जास्त उष्णतेचा असतो. त्यातून इथेन, प्रोपेन, ब्युटेन वेगळे काढून विकले जातात आणि त्यांच्या ओळी पावतीवर गॅलनमध्ये वेगळ्या येतात. त्या न मोजता फक्त वायूची ओळ जुळवत बसलात तर हिशेब नेहमी कमी भरेल.

राज्याचा आणि पावतीचा आकडा तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका. टेक्सास वायू १४.६५ पीएसआय दाबाला मोजतो, पेनसिल्व्हेनियात १४.७३ चलनात आहे. कॉम्प्रेसरमध्ये जळलेला, यंत्रात वापरलेला वायू विक्रीतून वजा होतो. दोन-चार टक्क्यांचा फरक दर महिन्याला साधारण सारखाच राहत असेल तर तो मोजणीचा आहे. दहा टक्क्यांच्या पुढे गेला, किंवा एखाद्या महिन्यात अचानक उडी मारली, तर विचारा.

पावतीवरच्या कपाती

मालक आणि कंपनी यांच्यातले सर्वांत कडू वाद इथेच होतात. वायू विहिरीतून निघाल्यावर तो गोळा करणं, त्यातलं पाणी काढणं, दाब वाढवणं, प्रक्रिया करणं, दूर नेणं, विकणं या प्रत्येक पायरीला पैसे लागतात. ते मालकाच्या हिश्श्यातून कापायचे की नाही हे मुख्यतः लीजची भाषा ठरवते, आणि लीज गप्प असेल तर राज्याचा कायदा. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किल्मर खटल्यात असं ठरवलं की हे खर्च वजा करून उरलेल्यावर एक अष्टमांश दिला, तरी किमान रॉयल्टीचा कायदा पाळला गेला. टेक्सासचा कलही कंपनीला खर्च वाटून घेऊ देण्याकडे आहे. ओक्लाहोमा आणि वेस्ट व्हर्जिनियातली न्यायालयं मालकाकडे जास्त झुकलेली आहेत.

उदाहरणात एमसीएफला ८० सेंट कपात धरली तर २,८१२.५ × ०.८० = २,२५० डॉलर गेले आणि हातात आले ३,३७५. कपात बहुधा घनफुटांवर ठरलेली असते, भावावर नाही. म्हणून भाव पडला की तीच कपात चेकचा मोठा लचका तोडते. भाव १ डॉलर झाला तर उरतात जेमतेम ५६२ डॉलर.

लीज काढून रॉयल्टीचं कलम आणि मागे जोडलेली पुरवणी दोन्ही वाचा. पुरवणीत ‘कोणताही खर्च वजा करू नये’ असं असेल आणि पावतीवर कपात दिसत असेल, तर तो पहिला मुद्दा. काही पुरवण्यांमध्ये ‘वायू विक्रीयोग्य झाल्यानंतर मूल्य वाढवणारे खर्च मात्र चालतील’ अशी पळवाट असते, आणि तिच्यावरच वाद होतात.

टेक्सासमध्ये राज्याचा उत्पादन-कर आहे, वायूवर ७.५ टक्के, काही खर्चिक विहिरींना सवलतीने कमी. पेनसिल्व्हेनियात असा कर नाही. २०१२ पासून विहिरीमागे आकारलं जाणारं इम्पॅक्ट शुल्क आहे, ते कंपनी भरते. पेनसिल्व्हेनियाच्या विहिरीच्या पावतीवर उत्पादन-कराची ओळ दिसली तर ती कशाची, हे लगेच विचारा.

चेक आला नाही तर

टेक्सासचा कायदा घड्याळ लावून देतो. पहिली रक्कम, पहिली विक्री झाली तो महिना संपल्यापासून १२० दिवसांत. १० जानेवारीला विक्री सुरू झाली तर ३१ मेपर्यंत. त्यानंतर वायूसाठी विक्रीचा महिना संपल्यापासून ९० दिवस, तेलासाठी ६०. उशीर झाला तर व्याज लागतं. मालकीबद्दल वाजवी शंका असेल तर मात्र कंपनी बिनव्याजी थांबवू शकते. ओक्लाहोमात पहिल्या रकमेला सहा महिने मिळतात आणि मालकी स्वच्छ असेल तर उशिराला वर्षाला १२ टक्के व्याज आहे. पेनसिल्व्हेनियात लीजमधली मुदत आधी पाहावी.

मुदत टळली की आधी राज्याचे आकडे उघडा. तिथेही शून्य असेल तर विहीर बंद आहे. पडलेला भाव, पाइपलाइनची दुरुस्ती, शेजारच्या पॅडवर चाललेलं फ्रॅकिंग, यांपैकी काहीतरी असेल. शेजारी फ्रॅकिंग होताना जुनी विहीर मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर दाबाने पाणी तिच्यात शिरतं. बंद काळ लांबला तर लीजमधलं शट-इन रॉयल्टीचं (विहीर बंद असताना कंपनीने द्यायच्या रकमेचं) कलम बघा, कारण ती छोटी रक्कम वेळेवर देण्यावर काही लीजचं अस्तित्व टिकून असतं.

राज्याकडे उत्पादन दिसतंय आणि चेक नाही, तर पैसे बहुधा सस्पेन्समध्ये आहेत, म्हणजे तुमच्या नावाने बाजूला ठेवलेले. कारण विचारलं की सांगतात. डब्ल्यू-९ पोचला नाही, घर बदललं, डिव्हिजन ऑर्डर परत आली नाही, रक्कम किमान मर्यादेखाली आहे. ही मर्यादा साधारण १०० डॉलरची असते, आणि त्याखालची रक्कम साठवून वर्षातून एकदा देता येते. टेक्सासमध्ये २५ ते १०० डॉलरच्या दरम्यान असेल तर लेखी मागणी करून दर महिन्याला घेता येते.

विहीर दुसऱ्या कंपनीला विकली गेली की दोन-तीन महिने खंड पडणं नेहमीचं आहे. जुन्या कंपनीने शेवटचा उत्पादन-महिना कोणता दिला आणि नवीने पहिला कोणता दिला, हे वहीत लिहा. मधला एखादा महिना दोघांच्या मधे पडून राहतो आणि विचारल्याशिवाय निघत नाही.

मालकाचं निधन झालं असेल तर कंपनी सगळं थांबवते, आणि मराठी घरांत हा गुंता जास्त लांबतो. खरेदीखतावर आद्याक्षरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, बँकेत तिसरंच स्पेलिंग, लग्नानंतर बदललेलं नाव, आणि एक वारस पुण्यात तर दुसरा डॅलसमध्ये. ज्या राज्यात विहीर आहे तिथल्या न्यायालयाचे वारसाचे कागद लागतात. मृत्युपत्र दुसऱ्या राज्यात सिद्ध झालं असलं तरी तिथे पुन्हा नोंदवावं लागतं. टेक्सासमध्ये मृत्युपत्र नसेल तर अनेक कंपन्या वारसांचं प्रतिज्ञापत्र स्वीकारतात. त्यावर कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण मालमत्तेत हितसंबंध नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. भारतात सही केलेले कागद नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात मान्य होणारं सरकारी प्रमाणन) करून पाठवा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबतच जोडा, म्हणजे फेरी वाचते.

सस्पेन्समधले पैसे कायम कंपनीकडे राहत नाहीत. मालक सापडला नाही तर काही वर्षांनी ते राज्याच्या बेवारस-मालमत्ता खात्यात जातात. जुन्या मालकाच्या, आईवडिलांच्या नावाने विहीर असलेल्या राज्यात आणि शेवटचा पत्ता असलेल्या राज्यात, दोन्हीकडे शोधा.

लेखी विचारणा

फोनवर मिळालेलं उत्तर पुढे कामाला येत नाही. पोच मिळेल अशा सर्टिफाइड टपालाने पत्र पाठवा. त्यात तुमचा मालक क्रमांक, एपीआय क्रमांक, उत्पादन-महिना, चेकचा क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न असू द्या : ‘मार्च महिन्याला राज्याकडे २,१०,००० एमसीएफ आहेत, पावतीवर १,६५,०००. फरक कशाचा?’ ‘मला पैसे कमी मिळतात’ अशा पत्राला छापील उत्तर येतं.

पावतीवर विहिरीची ओळख, महिना-वर्ष, प्रमाण, भाव, कर, कपाती, तुमचा दशांश, कपातीआधीचं आणि नंतरचं तुमचं मूल्य आणि चौकशीचा पत्ता असायलाच हवा. पेनसिल्व्हेनियाने २०१३ मध्ये हे कायद्यात घातलं, टेक्सासमध्येही तसाच नियम आहे. यातलं काही गाळलं असेल तर मागा.

लीजमध्ये हिशेब तपासणीचा हक्क असेल तर शेजारच्या मालकांना सोबत घ्या. एकट्याला लेखापाल परवडत नाही, आणि युनिटमधल्या सर्वांचा भाव नि कपात बहुधा एकच असते. कराराच्या दाव्याची मुदत दोन्ही राज्यांत ४ वर्षांची आहे, त्यामुळे पत्रव्यवहार चालू आहे म्हणून तारीख विसरू नका.

कराचे कागद

वर्ष संपल्यावर कंपनीकडून वर्षभरात दिलेल्या रकमेचा फॉर्म, १०९९-एमआयएससी, येतो. त्यातल्या दुसऱ्या चौकटीत रॉयल्टी असते, आणि ती सहसा कपातीआधीची रक्कम असते. अमेरिकी विवरणपत्राच्या शेड्यूल ईमध्ये ती पूर्ण दाखवून कपाती आणि उत्पादन-कर वेगळे वजा करायचे. चेकची बेरीज लिहिली तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नोंदीशी जुळत नाही. एकूण रकमेच्या १५ टक्के डिप्लीशनची (साठा संपत जातो त्यासाठीची) वजावट रॉयल्टी मालकाला मिळते, आणि ती घ्यायची बरेच जण विसरतात. डब्ल्यू-९ दिला नसेल तर २४ टक्के आधीच कापले जातात.

भारतात परतलेल्या आणि अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी परदेशी ठरलेल्या मालकाचे ३० टक्के कापले जातात. भारत-अमेरिका कर करारातला रॉयल्टीचा सवलतीचा दर इथे लागू होत नाही. तो पेटंट-कॉपीराइटसारख्या हक्कांसाठी आहे, खनिजाचं उत्पन्न स्थावर मालमत्तेच्या कलमात येतं. १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र भरताना हे उत्पन्न व्यवसायाशी निगडित धरण्याचा पर्याय निवडला, तर खर्च आणि डिप्लीशन वजा करून उरलेल्यावर नेहमीच्या दराने कर बसतो, आणि तो ३० टक्क्यांपेक्षा बराच कमी पडू शकतो. त्यानंतर कंपनीला ही निवड कळवणारा डब्ल्यू-८ईसीआय फॉर्म द्यायचा. भारतातल्या विवरणपत्रात हे उत्पन्न आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे खनिज हक्क दाखवा, आणि अमेरिकेत भरलेल्या कराचं क्रेडिट मागण्यासाठी १०४०-एनआरची प्रत नि कापलेल्या कराचा १०४२-एस फॉर्म जपून ठेवा.